दोन इंच पोलाद

गेल्या वर्षी आपल्या मंदिरात गणपती ज्या पाटावर बसले होते तो पाट कोठून आणला, असे बऱ्याच जणांनी विचारले. एका काकूंना तर तो थेट पुण्याच्या तुळशीबागेतून आल्यासारखा वाटला. मी सगळ्यांना "घरी केला" एवढेच सांगितले. ते खोटे नव्हते, पण पुरेही नव्हते. यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा वाटले की ते राहिलेले उत्तर या निमित्ताने देऊन टाकावे. उत्तर जरा लांबेल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तो पाट मी आणि माझ्या मुलीने माझ्या आजोबांच्या हत्यारांनी केला. आजोबांना आम्ही आप्पा म्हणत असू. आप्पा सुतार होते. छंद म्हणून नव्हे, फर्निचरचे दुकान होते म्हणूनही नव्हे. सातारा जिल्ह्यात कृष्णेकाठच्या एका गावाचे ते सुतार होते, बारा बलुतेदारांपैकी एक. आमचे आडनावही सुतारच होते. आज आमच्या दारावरच्या पाटीवर जे ‘कर’ लागलेले आडनाव आहे, ते माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९६८ साली राजपत्रात छापून बदलून घेतले. या मंडळात मला वीस वर्षे ओळखणाऱ्यांनाही हे ठाऊक नाही. कोणी विचारले नाही, हे एक कारण. मी सांगितले नाही, हे दुसरे आणि अधिक खरे.

गावाकडच्या घराची वाटणी झाली ती २०११ साली. भांडी, पितळेच्या समया, आजीचे जाते, सगळ्याला कोणी ना कोणी धनी मिळाला. माळ्यावरची हत्यारांची पेटी मात्र कोणालाच नको होती. अण्णा म्हणाले, "भंगारवाल्याला द्या." मी तेव्हा दहा दिवसांच्या रजेवर गेलो होतो. का कोण जाणे, पेटी उघडून हाताला लागतील तशी सात हत्यारे मी काढून घेतली: तीन पटाश्या, एक किकरे, एक रंधा, एक गुण्या आणि एक छोटी करवत. वाकस आणि सामता बॅगेत मावत नव्हते, ते राहिले. जुन्या धोतरात गुंडाळून, सामानाच्या मोठ्या बॅगेत घालून मी ती इकडे यॉर्कशायरला आणली आणि गराजमध्ये एका फळीवर ठेवून दिली.

पुढची आठ वर्षे मी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. इथले गराज म्हणजे पाऊस आत न येणारे, पण ओल बाहेर न जाणारे ठिकाण. लोखंडावर गंज चढतो तो हवा आणि ओल यांच्या संगतीने. तांब्यावरची हिरवट पुटी खालच्या धातूला काही अंशी राखते, तसे गंजाचे नाही. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, खालचे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा गंजते. माळ्यावर इतक्या वर्षांत जेवढे झाले नव्हते तेवढे माझ्या गराजमध्ये आठ वर्षांत झाले. मी आप्पांचा वारसा ‘जपून’ ठेवला होता.

२०१९ च्या वसंतात गराज आवरताना ते गाठोडे पुन्हा हाती आले. आमच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहतात, जन्म इथलाच. त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, एका पटाशीचे पाते रॉकेलच्या बोळ्याने पुसले आणि एकदम हसले. पात्यावर कारखान्याचे अर्धे नाव गंजाने खाल्ले होते, पण खालचा शब्द स्पष्ट होता: शेफील्ड. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचे गाव! त्याच्यावर दोन शब्द होते, ‘कास्ट स्टील’.

हत्यार तिकडे कसे पोचले ते मला अर्धवट माहीत होते. आप्पा तरुणपणी काही वर्षे मुंबईत माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते. हा कारखाना १९१५ सालापासूनचा, आगगाडीच्या डब्यांच्या दुरुस्तीचा. त्या काळी डब्यांचे बरेचसे अंग लाकडी असे आणि तिथे शेकड्यांनी सुतार लागत. पगारातून पैसे साठवून आप्पांनी नागदेवी स्ट्रीटवरून आणि जुन्या बाजारातून एकेक पटाशी घेतली. नव्या विलायती हत्याराला पैसे पुरत नसत, म्हणून दुसऱ्याने वापरलेले घेत. म्हणजे आप्पांच्या हाती आली तेव्हाच ती पटाशी कोणाचा तरी वारसा होती.

‘कास्ट स्टील’ या दोन शब्दांमागेही एक प्रवास आहे. डॉनकास्टरचा बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी चांगल्या स्प्रिंगसाठी चांगले पोलाद शोधत होता. त्याने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवून ओतण्याची रीत बसवली आणि पुढे त्या पोलादावर शेफील्डचे नाव जगभर झाले. शेफील्डच्या अ‍ॅबीडेल येथे अशी जुनी मुशींची भट्टी जतन करून ठेवली आहे; मुलांना घेऊन जाण्यासारखे ठिकाण आहे. पण मुशीत पोलाद करण्याची कला दक्षिण भारतात त्याच्या कित्येक शतके आधीपासून होती. ते पोलाद इकडे ‘वुट्झ’ नावाने ओळखले जाई. १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला गेला, आणि १८२० च्या सुमारास खुद्द मायकेल फॅरडे त्याचे गुपित शोधत प्रयोग करत होता. हंट्समनने ती विद्या आपल्याकडून घेतली असे म्हणायचा माझा हेतू नाही. तसा पुरावा नाही. मला एवढेच वाटले की हत्यारांचे मूळ गाव शोधायला निघालेला माणूस कोठे पोचेल ते सांगता येत नाही.

कामाला लागलो. ज्यांच्याकडे अशी हत्यारे असतील त्यांच्यासाठी रीत थोडक्यात सांगतो. आधी रॉकेल आणि बारीक लोखंडी लोकर. वरवरचा गंज तेवढ्याने जातो. जिथे जात नाही तिथे पाते रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे, सकाळी घासायचे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करून तेल लावायचे. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा. दहा मिनिटे विसरलात तर नवा गंज हजर. लाकडी मुठींना जवसाचे तेल लावावे, पण तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघडे पसरून वाळवावेत. आणि धार काढायला विजेचे चाक वापरलेच तर दर दोन सेकंदांनी पाते पाण्यात बुडवावे. पोलाद तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले, मग तिथे धार टिकत नाही.

हे झाले तंत्र. अडलो मी पहिल्याच पटाशीपाशी, आणि तंत्रात नव्हे. तिची मूठ बाभळीची होती. मूळची विलायती मूठ फुटल्यावर आप्पांनी स्वतः बसवलेली. एका बाजूला अंगठ्याच्या जागी गुळगुळीत खळगा पडला होता. माझा अंगठा त्यात ठेवला तर बरोबर बसत नव्हता. आप्पांचा हात माझ्यापेक्षा रुंद असावा. मुठीला उभी चीर गेली होती. शेजारी म्हणाले, नवी मूठ बसव, ही मोगरीच्या घावाखाली टिकणार नाही. मला ते पटेना. मूठ बदलली तर आप्पांचे त्यात काय उरले?

रंध्याने आणखी कोड्यात टाकले. त्याचे पाते शेफील्डचे, खोड आप्पांनी घरी केलेले शिसवीचे, पाचर केव्हातरी बदललेली. तळ झिजून तोंड रुंदावले होते, म्हणून आप्पांनीच तिथे वेगळ्या लाकडाचा तुकडा बसवला होता. मी आता तळ पुन्हा घासून सपाट करणार, पाचर नवी करणार. मग हा रंधा कोणाचा म्हणायचा? ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला असेच अडवतो. तू रथातून आलास म्हणतोस, मग रथ म्हणजे काय? आस का? चाके का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला आपण व्यवहारात ‘रथ’ म्हणतो, इतकेच. कॉलेजात असताना मला हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटला होता. हातात रंधा घेऊन बसल्यावर वाटेना. पण एक गोष्ट नागसेनाने विचारली नव्हती. रथ चालत नसला, तर त्याला रथ म्हणायचे का?

त्याच उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. ते तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना गराजमध्ये नेले. अर्धी घासलेली पटाशी, कागदावर मांडलेला रंधा, सगळे दाखवले. ते आनंदतील, डोळ्यांत पाणी वगैरे येईल, अशी माझी अपेक्षा. अण्णा काही वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे चालवायला लागू नये म्हणून आप्पांनी मला शाळेत घातलं. आणि तू शिकून सवरून, विलायतेत येऊन, परत हेच काढून बसलास?"

मी म्हणालो, "अण्णा, हौस म्हणून करतोय."

"हौस," ते म्हणाले. "आप्पांना हौस नव्हती." आणि आत निघून गेले.

चार दिवस आमच्यात त्या विषयावर शब्द झाला नाही. मला राग आला होता. वारसा माझाही आहे, तो मी कसा सांभाळावा हे सांगणारे अण्णा कोण? आणि त्याच वेळी त्यांचे वाक्य मनातून जाईना. ज्या कामाने एका माणसाची पाठ वाकली, ते काम त्याच्या नातवाने शनिवारच्या दुपारी, रेडिओ लावून, चहा पीत करावे, हे आदराचे लक्षण की चेष्टेचे? मला पटाशी नीट चालवता आली नाही तर मी ती खाली ठेवून जेवायला जातो. आप्पांना ती सोय नव्हती. त्यांची अडचण हा माझा विरंगुळा. याला ‘परंपरा जपणे’ म्हणायचा मला हक्क आहे का?

तिढा सोडवला माझ्या मुलीने. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि मी घासत असताना शेजारी बसून असे. एके दिवशी तिने पटाशी उचलली आणि सरळ अण्णांच्या हातात नेऊन दिली. "आजोबा, ही धार झाली का बघा." अण्णांनी चष्मा शोधला नाही. पटाशी उलटी केली, पाठीवरून बोट फिरवले, धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली. ती निसटली. "नाही झाली," ते म्हणाले. "नखावर धरली पाहिजे. आणि पाठ कुठं सपाट केलीय यानं? पाठ आधी. पाठ सपाट नसेल तर पुढून कितीही घास, धार यायची नाही."

हे मला दोन महिने पुस्तके वाचून कळले होते, आणि तरी मी टाळले होते, कारण ते कंटाळवाणे काम असते. अण्णांनी शेवटचे हत्यार हातात घेतले त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. मुलगी म्हणाली, "तुम्हाला येतं? मग तुम्ही का नाही करत?"

त्या संध्याकाळी अण्णांनी जे सांगितले ते मीही पहिल्यांदाच ऐकले.

गावचा सुतार वर्षभर शेतकऱ्यांचे नांगर, कुळव, पाभर, गाड्यांची चाके करून देई, दुरुस्त करी. त्याचे पैसे नसत. सुगीला खळ्यावर जायचे आणि बलुते म्हणून धान्य घ्यायचे. अण्णा दहा वर्षांचे असताना आप्पा तापाने आजारी होते, म्हणून एका मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर अण्णांना पोते देऊन पाठवले. सकाळी गेले. "सुताराच्या पोरा, थांब, आधी रास होऊ दे," असे सांगितले गेले. रास झाली, गाड्या भरल्या, गाड्या गेल्या. दिवस मावळायला खळे झाडले, आणि झाडून निघालेले मातेरे अण्णांच्या पोत्यात भरले. घरी आजीने ते रात्री दिव्यापाशी बसून पाखडले. "आप्पा काही बोलले नाहीत," अण्णा म्हणाले. "ताप उतरल्यावर त्याच माणसाचा नांगर पुढ्यात घेऊन बसले. ह्याच पटाशीनं. मला त्या दिवसापासून हिचा राग आहे."

मुलगी म्हणाली, "पण पटाशीची काय चूक?"

अण्णा हसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हो. तिची नाही."

बलुत्याचे दिवस तसेही संपत आले होते. आमच्याच कृष्णाकाठी १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि कारखान्यातून लोखंडी नांगर निघू लागले. पुढे गाड्यांना रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आले. रेल्वेचीही तीच गत. १९५५ साली पेरांबूरचा कारखाना सुरू झाल्यावर पोलादी डबे वाढत गेले आणि लाकडी डब्यांचे काम आटले. आप्पा दोन्हीकडून गेले. ज्यातून अण्णा सुटले ते काम त्यांनी सोडले नसते तरी ते त्यांना सोडून गेलेच असते. पण अण्णांच्या दृष्टीने फरक मोठा होता. त्यांनी स्वतः पाठ फिरवली होती, आडनावासकट.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा गराजमध्ये येऊन खुर्चीवर बसू लागले. हात लावत नसत, तोंडाने सांगत. काचेवर पाण्याचा पॉलिशपेपर चिकटवून मी पाठ घासायची, ती आरशासारखी होईपर्यंत. मग निसण्यावर धार. आधी पंचवीस अंशांचा उतार, टोकाला तीसचा. "पाठीवर बोट फिरव, केसासारखी कड लागते का? लागली म्हणजे धार टोकाला पोचली. आता ती कड मोड." तिसऱ्या दिवशी पटाशी नखावर धरली. देवदाराच्या तुकड्याचा आडवा छेद तिने चिरडला नाही. कापला, आणि छेद मेणासारखा चकाकला. अण्णा खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "दे इकडे."

तेव्हाच त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी माझ्या आली नव्हती. त्यांनी पटाशी मोजपट्टीला लावली. अशी पटाशी नवी असताना पाते साधारण साडेपाच इंचांचे असते. हे साडेतीन होते. "दोन इंच गेले," अण्णा म्हणाले.

ते दोन इंच कोठे गेले याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. धार काढणे म्हणजे पाते झिजवणे. प्रत्येक वेळी निसण्यावर काळसर पाणी उतरते, तेच ते पोलाद. थोडे आप्पांच्या आधीच्या अनोळखी माणसाने झिजवले असेल. उरलेले आगगाडीच्या डब्यांत गेले, गावच्या नांगरांत आणि दारांच्या चौकटींत गेले, दोन आत्यांच्या लग्नांत गेले आणि अण्णांच्या कऱ्हाडच्या शिक्षणात गेले. अण्णा शिकले नसते तर मी पुण्यात वाढलो नसतो आणि इथे आलो नसतो. मी वारसा म्हणून जे बॅगेत घालून आणले ते उरलेले साडेतीन इंच. खरा वारसा नाहीसे झालेले दोन इंच होते आणि ते मी कधीच खाऊन बसलो होतो.

गंजही पोलाद खातो आणि निसणाही खातो. माझ्या गराजमध्ये गेलेल्या पोलादातून कोणाचे काही झाले नाही. म्हणून जुनी वस्तू ‘जशीच्या तशी’ ठेवणे हाच तिचा मान, हे मला आता पटत नाही, निदान हत्यारांच्या बाबतीत तरी नाही. संग्रहालयाची गोष्ट वेगळी. तिथे वस्तू साक्षीदार म्हणून ठेवलेली असते आणि साक्षीदाराच्या अंगावरचे काही पुसू नये. घरात मात्र वस्तू एक तर कामात झिजेल, नाहीतर पडून सडेल. तिसरी वाट मला दिसली नाही.

मुठीचा प्रश्न अण्णांनीच सोडवला. "आप्पांनी मूळची मूठ बदललीच होती की," ते म्हणाले. "फुटली तेव्हा ते रडत बसले नाहीत." इथे बाभूळ मिळत नाही, म्हणून अ‍ॅशची नवी मूठ केली. जुनी मूठ फेकली नाही, ती माझ्या टेबलावर आहे. तिच्यावरचा घामाचा काळा डाग मी काढलेला नाही. शेजाऱ्यांनी विचारले, पात्याला चकाकी आणायची का? नको म्हटले. गंजाने पडलेले खड्डे तसेच राहू दिले. जेवढे कामाला अडते तेवढेच काढायचे असे ठरवले. हत्यार साफ करावे, नवे करू नये.

हाच नियम हत्यारांबरोबर आलेल्या बाकीच्या गोष्टींना लावायचा तर काय, हे मात्र इतके सोपे नाही. आप्पांच्या पेटीत दोन गोष्टी एकत्र होत्या. एक विद्या, आणि एक त्या विद्येला गावाने दिलेली जागा. पहिली पुन्हा चालू करावी, दुसरी कदापि नाही. पण दुसरी पुसून पहिलीच तेवढी मिरवली, तर तोही खोटेपणा होईल. आपल्याकडे ‘परंपरा’ या शब्दाचे असेच होते. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. इकडे आपण लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, फोटो काढतो, आणि मीही काढले आहेत. हत्याराला फूल वाहणारा समाज ते हत्यार चालवणाऱ्याला मातेरे देत होता, हे त्या पूजेच्या दिवशी मला आठवले पाहिजे. आणि सुट्टीत पुण्याला गेल्यावर घरी दार बसवायला येणाऱ्या सुताराशी मी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा तर जास्तच.

आणि हौस? अण्णांच्या त्या एका शब्दाला माझ्याकडे आजही पुरे उत्तर नाही. माझी हौस ही आप्पांची मेहनत नव्हे, आणि तसे भासवू नये, एवढे कळते. पण ज्याला निवड नव्हती त्याच्या कष्टातून मला निवड मिळाली. ती मिळाल्यावर मी त्याच्याच हत्याराकडे वळलो, तर त्यात त्याचा अपमान आहे असे वाटत नाही. अट एकच. ते काम काय होते आणि कोणाचे होते, हे लपवून ते करू नये. म्हणून हा लेख.

अण्णांनी त्या मुक्कामात आमच्याकडून एक छोटा पाट करून घेतला. पाटाखालच्या आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकू दिल्या नाहीत. फळीत आतून रुंद होत जाणारी खाच करायची आणि पट्टी बाजूने सरकवत बसवायची. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिळ्यांनी जखडले तर फळी फाटते, खाचेत सरकायला जागा असते. शिवाय आमची फळी ओकची होती, आणि ओकमध्ये लोखंडी खिळा मारला तर भोवती काळा डाग पडतो. पहिली खाच आम्ही बिघडवली. दुसरी अण्णांनी स्वतः केली, खाली बसून, पायाच्या अंगठ्याने फळी दाबून धरून. असे बसलेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

अण्णा २०२१ साली गेले. मला जाता आले नाही. त्या वर्षी आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला हे आले.

गेल्या वर्षी मंदिरासाठी मोठा पाट करायचे ठरले तेव्हा मुलगी विद्यापीठातून शनिवार-रविवारी घरी येत होती. खाचा तिने केल्या, रंधा मी मारला. उजवीकडची एक खाच थोडी सैल झाली आहे. कोणाच्या लक्षात आली नसेल; अण्णांच्या पहिल्या नजरेत आली असती. पाट पालथा घातलात तर दिसेल. तिथेच पट्टीच्या आतल्या बाजूला, मला न विचारता, तिने पटाशीच्या कोपऱ्याने आपले नाव कोरले आहे. नाव तिचे, आणि पुढे आडनाव ‘सुतार’.

यंदा गणपती बसवण्यापूर्वी पाट पुसायला कोणी उचललाच, तर ते नाव कोणाचे, असा प्रश्न पडू नये.